वेज निवडताना: आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट, मग पायाखालची जमीन

गोल्फच्या दुकानात वेज, म्हणजे जवळच्या शॉटचा तिरक्या चेहऱ्याचा क्लब, घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: "५६ घेऊ का ५८?" त्याला सरळ उत्तर देता येत नाही, कारण ते उत्तर त्याच्या बॅगेत आधीच असलेल्या पिचिंग वेजवर अवलंबून असतं. शिवाय हा दुय्यम प्रश्न आहे. लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या चेहऱ्याचा तिरकेपणा, दोन अंशांनी चुकला तर पाच-सहा यार्डांचा फरक पडतो, तो अर्ध्या स्विंगमध्ये भरून काढता येतो. बाउन्स, म्हणजे क्लबच्या तळाचा उतार, चुकला तर चेंडू बंकरमध्येच, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातच राहतो, नाहीतर ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात जातो. तरी दुकानात सगळी चर्चा लॉफ्टवर होते आणि बाउन्सचा आकडा कुणी बघतही नाही.

तरी सुरुवात लॉफ्टपासूनच करू, कारण तिथे काम मोजमापाचं आहे आणि लवकर संपतं.

पिचिंग वेज किती अंशांचा आहे?

जुन्या सेटमध्ये पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांचा असायचा. आज तो साधारण ४३ ते ४६ चा असतो आणि नवख्यांसाठीच्या रुंद सोलच्या (सोल म्हणजे क्लबचा तळ) सेटमध्ये ४१-४२ पर्यंतही खाली आलेला दिसतो. क्लबहेडचं वजन तळाशी नेल्यामुळे चेंडू आपोआप उंच उठतो, म्हणून कंपन्या लॉफ्ट कमी करून लांबी वाढवतात. "माझा नाइन आयर्न १४० जातो" हे ऐकायला छान वाटतं, पण त्या नाइन आयर्नचा लॉफ्ट पूर्वीच्या एटचा असतो, कधी कधी सेव्हनच्या जवळचाही. सँड वेज मात्र जिथे होता तिथेच, ५६ च्या आसपास राहिला. परिणामी मधे मोठं भगदाड पडलं, आणि गॅप वेज नावाचा क्लब आला तो ते बुजवायला.

हिशोब सोपा आहे. पूर्ण स्विंगला एका अंशामागे साधारण अडीच ते तीन यार्डांचा फरक पडतो. पिचिंग वेज ४३ आणि त्यानंतर थेट ५६ असेल तर मधे १३ अंश, म्हणजे जवळपास ३५ यार्ड मोकळे. पिचिंग वेज ११५ यार्ड जात असेल तर पुढचा क्लब ८० चा, आणि ९५-१०० यार्डांचा शॉट, जो एका राउंडमध्ये हमखास दोन-तीनदा येतो, त्याला क्लबच नाही. मग माणूस पिचिंग वेज हलक्या हाताने मारायला जातो, खाली येताना स्विंगचा वेग मंदावतो आणि क्लब चेंडूच्या मागे जमिनीत जातो.

तुमच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून सापडतो. क्लबवर फक्त 'पी' लिहिलेलं असतं, तेवढ्यावर विसंबू नका. क्लबदुरुस्तीच्या दुकानात लॉफ्ट-लाय मशीन (लाय म्हणजे शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, जमिनीशी कोन) असेल तर मोजूनच घ्या, कारण कारखान्यातून येतानाही एखादा अंश इकडेतिकडे असू शकतो. आयर्नची चार-पाच वर्षं टणक जमिनीवर धुलाई झाली असेल तर आणखी फरक पडलेला असतो.

आकडा हातात आला की त्याच्या पुढे चार ते सहा अंशांच्या पायऱ्या पाडायच्या. पिचिंग वेज ४३ असेल तर ४८, ५३, ५८. पिचिंग वेज ४६ असेल तर ५०, ५४, ५८, किंवा वेजसाठी दोनच जागा असतील तर ५१ आणि ५६. वरच्या ११५ यार्डवाल्या खेळाडूला ४३-४८-५३-५८ मध्ये अंदाजे ११५, १०२, ८८ आणि ७४ यार्ड मिळतील. पायऱ्या अगदी सारख्या असायलाच हव्यात असं नाही. वरच्या टोकाला, म्हणजे पिचिंग आणि गॅपच्या मधे, अंतर कमी ठेवलेलं बरं, कारण तिथे पूर्ण स्विंग होतो. ५४ च्या पुढे बहुतेक शॉट अर्धे-पाऊण असतात, तिथे सहा अंशांचा टप्पाही चालतो.

सेटसोबत कंपनीचाच गॅप वेज मिळत असेल, त्यावर 'ए', 'यू' किंवा 'जी' लिहिलेलं असतं, तर तोच घ्या. त्याचा शाफ्ट, वजन आणि चेहरा बाकीच्या आयर्नसारखा असतो आणि पूर्ण स्विंगला तो आयर्नसारखाच वागतो. वेगळा, 'खास' वेज हवा तो ५४ पासून पुढे.

बॅगेत जागा किती?

नियमाने १४ क्लब. जास्त निघाले तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळताना, ज्या ज्या होलवर चूक झाली तिथे दोन स्ट्रोकचा दंड, एका राउंडला कमाल चार. ड्रायव्हर, पटर, ५ ते पिचिंग वेज असे सहा आयर्न मिळून आठ झाले. उरलेल्या सहामध्ये एक फेअरवे वुड, दोन हायब्रिड आणि तीन वेज बसतात. फोर आयर्न काढायला जीव तुटत असेल तर गेल्या पाच राउंडमध्ये तो किती वेळा नीट लागला ते आठवून बघा आणि वेजला जागा द्या.

अंतरं मोजण्याची पद्धत

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, प्रत्येक वेजने दहा चेंडू मारा. सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन बाजूला ठेवा, मधल्या सहांची सरासरी घ्या. मोजायचा तो कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जिथे पडला तिथपर्यंतचं अंतर. लोळून गेलेलं अंतर धरायचं नाही. रेंजचे चेंडू खऱ्या चेंडूंपेक्षा कमी जातात, तेव्हा आकडे तसेच्या तसे कोर्सवर नेऊ नका. दोन क्लबमधलं अंतर मात्र त्यातूनही बऱ्यापैकी खरं कळतं, आणि इथे आपल्याला तेच हवं आहे.

एक सावधगिरी. रेंजवरचं मॅट खोटं बोलतं. क्लब चेंडूच्या इंचभर मागे पडला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि शॉट ठीक दिसतो. तोच शॉट गवतावर मारला तर क्लब रुततो आणि चेंडू वीस यार्डांवर पडतो. अंतरं मॅटवर मोजली तर एक वेळ चालेल, बाउन्सची परीक्षा मात्र गवतावर आणि बंकरमध्येच घ्यायची.

बाउन्स म्हणजे नेमकं काय

क्लब जमिनीवर टेकवा, शाफ्ट सरळ उभा ठेवा. सोलची पुढची धारदार कड जमिनीपासून किंचित वर राहते आणि सोलचा मागचा भाग आधी टेकतो. या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. चार ते सहा अंश कमी, सात ते दहा मध्यम, त्याहून वर जास्त. होडीचं पोट पाण्यावर तरंगतं तसा हा मागचा भाग क्लबला वाळूत आणि मऊ मातीत खोल जाऊ देत नाही.

जीन सॅराझेनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या क्लबच्या सोलच्या मागच्या बाजूला धातूची भर घालून नेमकं हेच केलं आणि तो क्लब बॅगेत घेऊन १९३२ साली इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर ब्रिटिश ओपन जिंकली. त्याआधी पातळ सोलचे क्लब वाळूत रुतून बसत, म्हणून बंकरमधून चेंडू काढायचा तर तो वाळूला न शिवता अलगद उचलावा लागे. आज आपण चेंडूच्या दोन इंच मागे बिनधास्त वाळूत क्लब मारतो ते या मागच्या भरीमुळे.

क्लबवर कोरलेला आकडा मात्र शाफ्ट सरळ असतानाचा असतो. शॉट मारताना हात चेंडूच्या पुढे गेले की शाफ्ट पुढे झुकतो आणि जितके अंश झुकतो तितका बाउन्स कमी होतो. १० अंशांचा वेज, हात ६ अंश पुढे, म्हणजे जमिनीला प्रत्यक्षात भेटतो तो ४ अंशांचा बाउन्स. शाफ्ट १० अंश झुकवलात तर बाउन्स शून्य, आणि क्लब पहारीसारखा आत जातो. "चिप करताना हात पुढे ठेवा" हा सल्ला (चिप म्हणजे ग्रीनजवळचा छोटा, खालून जाणारा शॉट) प्रमाणाबाहेर पाळणाऱ्यांचे चिप मऊ जमिनीवर का रुततात, त्याचं कारण इथे आहे. याच्या उलट, चेहरा उघडला, म्हणजे आकाशाकडे फिरवला, की लॉफ्टही वाढतो आणि बाउन्सही वाढतो. टणक जमिनीवर चेहरा उघडून लॉब, म्हणजे उंच उडणारा छोटा शॉट, मारायला गेलं की सोल उसळतो आणि पुढची कड चेंडूच्या पोटावर लागते. त्या शॉटला कॅडी काही बोलत नाही, फक्त ग्रीनच्या पलीकडे चालायला लागतो.

अंशांइतकीच सोलची रुंदीही बघायला हवी. रुंद सोलचा ८ अंशांचा वेज अरुंद सोलच्या १० अंशांच्या वेजपेक्षा जास्त 'तरंगू' शकतो. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नका. क्लब उलटा धरून तळ बघा: पुढची कड किती गोल आहे, मागची बाजू किती घासून काढली आहे.

तुमचा स्विंग खणणारा आहे की घासणारा

यासाठी तीन पुरावे गोळा करा.

पहिला पुरावा डिव्हटचा. ७०-८० यार्डांच्या शॉटनंतर गवताचा तुकडा किती जाड निघतो ते बघा. भाकरीएवढा जाड आणि खोल खड्डा असेल तर क्लब उभा खाली येतो, म्हणजे तुम्ही खणता. गवताचे शेंडे फक्त चिरडलेले दिसत असतील तर क्लब उथळ येतो, म्हणजे तुम्ही घासता.

दुसरा पुरावा आत्ता तुमच्या बॅगेतच आहे, आणि सगळ्यात खरा तोच. दोन-तीन वर्षं वापरलेला सँड वेज घ्या, सोल पुसून उजेडात तिरका धरा. सोलवर घासून चकचकीत झालेला पट्टा दिसेल. तो पुढच्या कडेला चिकटून असेल तर तुम्ही खणता, बाउन्स वाढवा. पट्टा मागे सरकलेला असेल तर तुमचा क्लब उथळ येतो किंवा तुम्ही चेंडू हाताने उचलता; कमी किंवा मध्यम बाउन्स आणि मागून घासलेला सोल हवा. पट्टा टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला सरकला असेल तर क्लबचा लाय कोन तुम्हाला जास्त उभा पडतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे चेंडू डावीकडे जातात. टोकाकडे सरकला असेल तर लाय जास्त सपाट आहे, चेंडू उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितकी लायची चूक चेंडूला अधिक वाकडं नेते, त्यामुळे वेजच्या बाबतीत हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

तिसरा पुरावा वाळूतला. सराव बंकरमध्ये बोटाने टार्गेटच्या दिशेला काटकोनात एक लांब रेघ ओढा. चेंडू न ठेवता रेघेवर दहा स्विंग करा, दर वेळी थोडं पुढे सरकून. वाळू कुठून निघायला सुरुवात होते आणि खड्डा किती खोल जातो ते बघा. बशीसारखा उथळ, लांबट ठसा हवा. वाटीसारखा खोल खड्डा पडत असेल तर १२-१४ अंश बाउन्स आणि रुंद सोल घ्या, बंकरची निम्मी भीती तिथेच जाईल.

आता जमीन

महाराष्ट्रात खेळणाऱ्याची अडचण अशी की एकाच कोर्सवर वर्षात दोन वेगळ्या जमिनी असतात. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी असो, खारघर व्हॅली असो की पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब, जून ते सप्टेंबर फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, पाण्याने भरलेला, पाय टाकला की बूट बुडतो. एप्रिल-मेमध्ये स्प्रिंकलर पोचतो तेवढा भाग मऊ आणि फेअरवेच्या कडेची जमीन फरशीसारखी. देशावरची काळी माती ओली असताना क्लबला चिकटते आणि वाळली की भेगाळते. कोकणात आणि गोव्यात जांभा, त्यावर गवताचा पातळ थर, खाली खडा. मऊ जमिनीला जास्त बाउन्स आणि टणक जमिनीला कमी हा पुस्तकी नियम इथे लावायचा तर वर्षातून दोनदा वेज बदलावे लागतील.

त्यात बंकर उलटं वागतात. पावसाळ्यात फेअरवे मऊ होतो, पण बंकरमधली वाळू भिजून दाबली जाते आणि टणक होते. त्या वाळूवर १४ अंशांचा सोल उसळतो. उन्हाळ्यात फेअरवे टणक आणि बंकरमधली वाळू, भर घातलेली असेल तर, भुसभुशीत. म्हणजे ज्या दिवशी फेअरवेला जास्त बाउन्स हवा त्याच दिवशी बंकरला कमी हवा.

यावरचा व्यवहार्य तोडगा म्हणजे दोन्ही खालचे वेज एकाच स्वभावाचे घ्यायचे नाहीत. सँड वेज १० ते १२ अंश बाउन्सचा, लॉब वेज, म्हणजे ५८ किंवा ६० अंशांचा, ६ ते ८ चा. पावसाळ्यात फेअरवेवरून आणि दाट रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातून, सँड वेज, ओल्या घट्ट बंकरमधून लॉब वेज. उन्हाळ्यात भुसभुशीत बंकरमध्ये सँड वेज, ग्रीनभोवतीच्या उघड्या, टणक जागेवरून लॉब वेजचा चेहरा सरळ ठेवून. एक वेज बंकरचा आणि एक चिपचा अशी वाटणी डोक्यात पक्की बसलेली असते, ती मोडावी लागते.

तुमचा स्विंग ठामपणे खणणारा असेल तर दोन्ही आकडे दोन-दोन अंशांनी वर न्या: सँड वेज १२-१४, लॉब ८-१०. ठामपणे घासणारा असेल तर ८-१० आणि ४-६. स्विंग आणि जमीन यांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध गेलं तर स्विंगचं ऐका. जमीन महिन्यागणिक बदलते, तुमचा स्विंग मात्र, कोच काहीही म्हणो, बदलत नाही.

आपल्याकडे बहुतेक कोर्सवर बर्म्युडा गवत असतं आणि त्याला लव असते, म्हणजे पाती एका दिशेला झुकलेली असतात. लव तुमच्याकडे तोंड करून असेल, गवत गडद दिसत असेल, तर चिप करताना पाती पुढच्या कडेला पकडतात. तिथे ४ अंशांचा वेज हातात असेल तर क्लब अडकतो. म्हणून अगदी टणक कोर्सवर खेळणाऱ्यालाही दोन्ही वेज कमी बाउन्सचे घ्या असं सांगणार नाही. स्कॉटलंड-इंग्लंडच्या समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर नियमित खेळणाऱ्या मराठी मंडळींचं गणित वेगळं, तिथली जमीन वर्षभर घट्ट आणि गवत बारीक, त्यांना कमी बाउन्स शोभतो.

ग्राइंडची अक्षरं

सोलचा कोणता भाग घासून काढला आहे त्याला ग्राइंड म्हणतात. दर कंपनीची अक्षरं वेगळी. टायटलिस्टच्या वोकी वेजवर एफ, एस, एम, के अशी अक्षरं असतात: एफ म्हणजे पूर्ण सोल, एस म्हणजे मागची कड थोडी काढलेली, एम म्हणजे टाच, टोक आणि मागची कड तिन्हीकडून काढलेली, के म्हणजे रुंद आणि बहुधा जास्त बाउन्स. '५६.१०एस' म्हणजे ५६ अंश लॉफ्ट, १० बाउन्स, एस ग्राइंड. टेलरमेडच्या अनेक वेजवर एलबी, एसबी, एचबी, म्हणजे कमी, नेहमीचा (स्टँडर्ड) आणि जास्त बाउन्स, वाचायला सोपं.

यात फार खोल जायची गरज नाही. एकच प्रश्न विचारा: मी ग्रीनभोवती चेहरा उघडून खेळतो का? खेळत असाल तर टाच घासलेला ग्राइंड घ्या, म्हणजे चेहरा उघडल्यावर पुढची कड जमिनीलगत राहते. चेहरा नेहमी सरळ ठेवत असाल तर पूर्ण सोल घ्या, टाच घासण्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

६० अंशांबद्दल

टीव्हीवर बघून ६० घेणारे खूप आहेत. पूर्ण स्विंगमध्ये ६० चा चेहरा चेंडूखालून निसटतो आणि त्याच स्विंगला कधी ६५ तर कधी ४५ यार्ड मिळतात. दाट रफमध्ये चेंडू गवतावर तरंगत असेल तर क्लब त्याच्या खालून आरपार जातो आणि चेंडू दोन फूट पुढे पडतो. हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, १८ च्या वर असेल तर ५६ वर थांबा किंवा ५८ घ्या आणि तोही पूर्ण ताकदीने मारू नका. याच गटातल्या खेळाडूंनी पोकळ पाठीचे वेज जरूर हातात घेऊन बघावेत, क्लीव्हलँडचे सीबीएक्स त्यातले. सोल रुंद, टोकाला लागलेला चेंडूही बऱ्यापैकी जातो. दिसायला जाड वाटतात म्हणून लोक टाळतात, पण स्कोअरकार्डवर क्लबचा फोटो काढत नाहीत.

शाफ्ट, लांबी, वाकवणं

तयार वेज बहुधा १३० ग्रॅमच्या आसपासच्या स्टील शाफ्टसह येतात. तुमचे आयर्न ७० ग्रॅमच्या ग्रॅफाइटवर असतील तर हा वेज हातात हातोड्यासारखा वाटेल आणि लय बिघडेल. वेजचा शाफ्ट आयर्नच्या शाफ्टएवढा किंवा थोडा जड असावा, दुप्पट नाही. लांबी ३५ ते ३५.५ इंच नेहमीची.

वेजचा लॉफ्ट वाकवून बदलता येतो, पण त्याबरोबर बाउन्सही बदलतो. ५४ चा ५२ केला तर बाउन्स दोन अंशांनी कमी होतो. ५६ केला तर दोन अंशांनी वाढतो. कुणी दुकानदार "वाकवून देतो" म्हणाला तर हे आधी धरून चाला. दोन अंशांच्या पलीकडे वाकवू नका.

फिनिश आणि पावसाळा

क्रोम लावलेला वेज मुंबईच्या हवेत टिकतो. 'रॉ' म्हणजे लेप नसलेला वेज गंजतो, पावसाळ्यात एका ओल्या राउंडनंतर दुसऱ्या दिवशी नारिंगी दिसतो. गंजाने चेंडू जास्त फिरतो ही निव्वळ अफवा. गंज आवडत असेल तर घ्या, नसेल तर क्रोम घ्या. राउंडनंतर पुसून कापडावर थेंबभर यंत्रतेल फिरवा आणि ओला क्लब कव्हर घालून बॅगेत कोंबू नका.

चेंडू आधी तपासा

वेज बदलूनही चेंडू ग्रीनवर थांबत नाही, अशी तक्रार असेल तर खिशातला चेंडू बघा. कडक आवरणाचा दोन थरांचा स्वस्त चेंडू छोट्या पिचवर कुठल्याही नव्या वेजने फारसा फिरत नाही. युरेथेन या मऊ आवरणाचा चेंडू घ्या, जुन्याच वेजने ३० यार्डांचा पिच मारा आणि फरक बघा. ग्रूव्हमध्ये, म्हणजे चेहऱ्यावरच्या खाचांमध्ये, गवताचा रस आणि माती बसली असेल किंवा गवत ओलं असेल तर मात्र चेंडूही काही करू शकत नाही. प्रत्येक शॉटआधी टीच्या टोकाने ग्रूव्ह साफ करा.

जुना वेज घेताना

सेकंड हँड आयर्न घेण्यात हरकत नाही, सेकंड हँड वेज मात्र जपून. चेहऱ्याच्या मध्यभागी, खालच्या तीन-चार ग्रूव्हपाशी पोलाद गुळगुळीत झालेलं असेल तर सोडून द्या. ग्रूव्हच्या कडेवरून नख आडवं ओढा. नवा वेज नख पकडतो, झिजलेल्यावर नख सरकून जातं. सोलवर मोठे दगडाचे टवके असतील तर बाउन्स कोरलेल्या आकड्याएवढा उरलेला नसतो. १ जानेवारी २०१० पासून तयार झालेल्या वेजना ग्रूव्हच्या कडा आणि आकारमान यांची नवी मर्यादा लागू आहे. त्याआधीचा वेज मित्रांबरोबरच्या राउंडला चालेल, पण स्पर्धेत खेळणार असाल तर आयोजकांनी कोणता स्थानिक नियम लावला आहे ते आधी विचारा. आणि नव्या मॉडेलचा 'नवाकोरा' वेज कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर तो बनावट असण्याची शक्यता धरा; कोरलेले आकडे वाकडे, रंग ग्रूव्हबाहेर सांडलेला आणि होजलवरचा (शाफ्ट बसतो त्या नळीवरचा) क्रमांक गायब, हे तीन ठिकाणी बघा.

विकत घेण्याआधी

क्लबच्या प्रोकडे किंवा दुकानात डेमो वेज मागा आणि तीन शॉट मारा: पातळ गवतावरून ३० यार्डांचा पिच, बंकरमधला साधा शॉट आणि पाऊण स्विंगचा ७० यार्ड. फक्त पूर्ण स्विंग मारून वेज घेऊ नका, कारण पूर्ण स्विंगमध्ये सगळेच वेज बरे वाटतात. पिचमध्ये क्लब जमिनीला लागतानाचा आवाज ऐका. बसका 'थप' म्हणजे सोल सरकतोय. टणक 'टक' आणि मनगटाला झटका म्हणजे एकतर उसळतोय किंवा रुततोय. चेंडू फार खालून उडाला तर उसळला, आखूड पडला तर रुतला.

घेतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक वेजची तीन अंतरं काढून ठेवा: डावा हात कमरेपर्यंत, डावा हात जमिनीला समांतर, आणि पाऊण स्विंग. तीन वेजची मिळून नऊ अंतरं होतात. वहीत लिहून बॅगेत ठेवा. ग्रूव्ह झिजायला लागले की आधी यातला ३०-४० यार्डांचा शॉट बिघडतो: पूर्वी दोन उड्यांत थांबणारा चेंडू तीन-चार उड्या मारून पुढे लोळायला लागतो. आठवड्याला एक राउंड आणि बंकरचा भरपूर सराव करणाऱ्याच्या सँड वेजला हे दीड-दोन वर्षांत होतं, पिचिंग वेजला त्याहून बरंच उशिरा. त्यामुळे तिन्ही वेज एकदम बदलायचे नसतात, आधी तोच बदलायचा जो वाळूत सगळ्यात जास्त जातो.